कारमध्ये मोठी सिस्टीम बसवताय? बॅटरी निवडण्याआधी आणि निवडताना

सबवूफर बसला, ॲम्प्लिफायर जोडला, आवाज वाढवला आणि बेसच्या प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मिणमिणायला लागले, की आजूबाजूचे सगळे एकच सल्ला देतात: "मोठी बॅटरी टाक." हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. काही गाड्यांत नवी बॅटरी टाकताच त्रास संपतो. काहींत महागातली बॅटरी टाकूनही दिवे तसेच मिणमिणतात आणि काही महिन्यांत ती बॅटरीही मान टाकते. वीज नेमकी कुठे कमी पडते आहे, हे आधी पाहिलं होतं का, यावर सगळं ठरतं. म्हणून या लेखात बॅटरीचे प्रकार बरेच उशिरा येतील. आधी थोडा हिशेब आणि थोडं मोजमाप.

पुढे जे लिहिलंय ते १२ व्होल्टच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांसाठी आहे. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत अल्टरनेटरच्या जागी वेगळा कन्व्हर्टर असतो आणि तिथली मर्यादा तो ठरवतो. त्या गाड्यांवर स्वतःहून प्रयोग करू नका.

पायरी १ : वीज कोण देतं, हे समजून घ्या

इंजिन चालू असताना गाडीतली वीज अल्टरनेटर देतो. त्याचं व्होल्टेज साधारण १३.८ ते १४.४ असतं. पूर्ण चार्ज असलेली लीड-ॲसिड बॅटरी विश्रांतीत १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. अल्टरनेटर जोवर १४ व्होल्ट टिकवून आहे, तोवर बॅटरी काहीच देत नाही, उलट चार्ज होण्यासाठी स्वतः थोडा करंट घेत असते. मागणी अल्टरनेटरच्या ताकदीबाहेर गेली की व्होल्टेज घसरतं, साडेबाराच्या आसपास येतं आणि तिथून पुढचा भार बॅटरी उचलते.

अल्टरनेटर हा पगार आणि बॅटरी ही शिल्लक, असं धरून चाला. महिन्यातला एखादा मोठा खर्च शिल्लकीतून भागतो. रोजचाच खर्च पगारापेक्षा जास्त असेल, तर मोठी तिजोरी आणून काही होत नाही.

यातून एक गोष्ट नवख्यांच्या सहसा लक्षात येत नाही. लीड-ॲसिड बॅटरी कितीही भारी घ्या, भार तिच्यावर आला की व्होल्टेज साडेबाराच्या घरात येणारच. चांगली बॅटरी त्याच्याही खालची घसरण थोपवते. चौदावर धरून ठेवणं तिच्या रसायनात नाही. "बॅटरी बदलली, आता व्होल्टेज हलणार नाही" असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल, तर तो लिथियमबद्दल बोलतोय की उगाच, हे विचारून घ्या.

पायरी २ : सिस्टीम खरोखर किती करंट ओढते?

ॲम्प्लिफायरच्या खोक्यावरचा मोठ्या अक्षरातला आकडा बाजूला ठेवा. "मॅक्स" किंवा "पीक" वॅट या हिशेबात येत नाहीत. आपल्याला हवे आहेत आरएमएस वॅट, म्हणजे ॲम्प्लिफायर सतत देऊ शकतो ती ताकद. सीईए-२००६ या मानकानुसार मोजलेला आकडा दिला असेल तर उत्तम. तो १४.४ व्होल्टवर, ४ ओहम भाराला, १ टक्का विकृतीच्या मर्यादेत मोजलेला असतो, त्यामुळे दोन ॲम्प्लिफायरांची तुलना करता येते.

करंट काढायचा तर आरएमएस वॅटला कार्यक्षमतेने भागा आणि आलेल्या आकड्याला व्होल्टेजने भागा. क्लास डी आणि क्लास एबी या ॲम्प्लिफायरच्या आतल्या दोन रचना. क्लास डी ॲम्प्लिफायरची कार्यक्षमता ८० टक्क्यांच्या आसपास धरा, क्लास एबीची ५५. १००० वॅटचा क्लास डी ॲम्प्लिफायर पूर्ण जोरात १२५० वॅट ओढेल, म्हणजे १३.८ व्होल्टवर सुमारे ९० ॲम्पिअर. तेवढ्याच ताकदीचा क्लास एबी १३० ॲम्पिअरच्या वर जातो. एवढ्या एकाच कारणासाठी मोठ्या बेससाठी क्लास डी घ्यावा, असं माझं मत आहे. जी वीज उष्णता होऊन जाते तिच्यासाठी बॅटरी कशाला खरेदी करायची?

खोक्यावरच्या आकड्याबद्दल शंका असेल तर ॲम्प्लिफायरचे फ्यूज पाहा. ३० ॲम्पिअरचे दोन फ्यूज असतील तर तो सतत ६० ॲम्पिअरपेक्षा फारसं जास्त ओढू शकत नाही. ६० गुणिले १३.८ गुणिले ०.८ केलं तर साधारण ६६० वॅट येतात. खोक्यावर २००० लिहिलेलं असो, बॅटरीचा हिशेब ६६० वर करायचा. खूप मोठ्या ॲम्प्लिफायरांवर फ्यूज नसतात. त्यांच्या माहितीपत्रकात किती ॲम्पिअरचा फ्यूज लावायला सांगितलाय, तो आकडा धरा.

आता दिलासा देणारी बाब. संगीत म्हणजे सलग एकच सूर नसतो. ठोका पडतो, थांबतो, पुन्हा पडतो. म्हणून साध्या संगीतात सरासरी करंट पूर्ण करंटच्या एक तृतीयांश धरला तरी चालतो. बेसने गच्च भरलेली इलेक्ट्रॉनिक गाणी सतत वाजवणार असाल तर निम्मा धरा. म्हणजे आपल्या १००० वॅटच्या उदाहरणात सरासरी ३० ते ४५ ॲम्पिअर आणि शिखर ९०. हे दोन आकडे वेगवेगळे लिहून ठेवा. सरासरी अल्टरनेटरने भागवायची असते. शिखरापुरतं बॅटरी आणि केबलने.

पायरी ३ : अल्टरनेटरकडे उरतं काय?

अल्टरनेटरवर ९० ॲम्पिअर लिहिलं म्हणजे सिस्टीमला ९० मिळाले, असं नाही. तो आकडा इंजिन वेगात फिरत असतानाचा आहे. गाडी सिग्नलला उभी असताना त्याच्या निम्म्याच्या आसपासच वीज मिळू शकते, आणि अल्टरनेटर तापला की आणखी घट होते. शिवाय गाडीला स्वतःला वीज लागतेच: इंधन पंप, इग्निशन, कंप्युटर, हेडलाइट, एसीचा पंखा, रेडिएटरचा पंखा. रात्री एसी लावून चालणारी गाडी ३० ते ५० ॲम्पिअर सहज वापरते.

९० मधून ४० गेले, उरले ५०. गाडी रस्त्यावर धावत असेल तर ३० ते ४५ ची सरासरी कशीबशी भागते. वाहतुकीत अडकून उभी असेल तर भागत नाही आणि तेवढा वेळ बॅटरी रिकामी होत राहते. १००० वॅटच्या आसपास साध्या अल्टरनेटरची गाडी सीमारेषेवर येते, हे या हिशेबातूनच दिसतं. २००० वॅट आरएमएसचा बेत असेल आणि तो रोज वाजवायचा असेल, तर आधी मोठ्या अल्टरनेटरची चौकशी करा. त्या पातळीला बॅटरीपासून सुरुवात करणं उलटं आहे. मोठा अल्टरनेटर घेतानाही विकणाऱ्याला एवढंच विचारा: इंजिन आयडलला असताना किती ॲम्पिअर देतो? वरच्या आकड्यापेक्षा हे उत्तर जास्त कामाचं असतं.

पायरी ४ : मल्टिमीटर घेऊन मोजा

हे केल्याशिवाय एकही बॅटरी पाहायला जाऊ नका. किमान आणि कमाल आकडा धरून ठेवणारा मल्टिमीटर असेल तर बरं, कारण साध्या मीटरला ठोक्यासोबतची झटकन होणारी घसरण पकडता येत नाही.

सकाळी, गाडी रात्रभर बंद राहिल्यावर, बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज पाहा. १२.६ च्या वर असेल तर ठीक. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे जवळजवळ तळाशी. मग इंजिन चालू करून पुन्हा मोजा. नेहमीच्या गाडीत १३.८ ते १४.४ दिसायला हवं. काही नव्या गाड्यांत कंप्युटर अल्टरनेटरचं व्होल्टेज गरजेनुसार वरखाली करतो. तिथे १२.८ पासून १५ पर्यंत काहीही दिसू शकतं आणि ते बिघाडाचं लक्षण नसतं.

आता इंजिन थोड्या वेगात, दीड-दोन हजार फेऱ्यांवर ठेवायला कुणाला तरी बसवा, नेहमीच्या आवाजात बेस असलेलं गाणं लावा आणि दोन ठिकाणी मोजा. आधी बॅटरीवर, मग ॲम्प्लिफायरच्या टर्मिनलवर. चित्र यांपैकी एक निघतं.

बॅटरीवर १३.८ टिकून आहेत, पण ॲम्प्लिफायरवर १२.५ दिसतात? वीज वाटेत हरवते आहे. केबल बारीक आहे, जोड ढिला आहे किंवा ग्राउंड, म्हणजे बॉडीला जोडलेली निगेटिव्ह वायर, रंग लावलेल्या पत्र्यावर घेतलाय. नवी बॅटरी इथे काहीच करणार नाही.

बॅटरीवरचं व्होल्टेज ठोक्याला १२.५ पर्यंत येतं आणि लगेच परत चौदावर जातं? अल्टरनेटर सरासरी भागवतोय, फक्त शिखरं जड जातायत. उत्तम, कमी अंतर्गत रोधाची (म्हणजे करंटला आतल्या आत कमी अडथळा करणारी) बॅटरी इथे खरी उपयोगी पडते.

ठोक्याला १२ च्याही खाली, ११.५ वगैरे? सध्याची बॅटरी जुनी किंवा थकलेली आहे. बदला.

आणि व्होल्टेज हळूहळू उतरत जाऊन साडेबाराच्या खालीच राहतं, गाणं शांत झालं तरी वर यायला वेळ लावतं? अल्टरनेटर पुरत नाही. इथे मोठी बॅटरी टाकली तर ती उशिरा रिकामी होईल, इतकाच फरक.

व्होल्टेजची एवढी काळजी कशाला, असं वाटत असेल तर एक गणित पाहा. बऱ्याच ॲम्प्लिफायरांत आतला वीजपुरवठा नियंत्रित नसतो. त्यांची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. १४ व्होल्टवर १००० वॅट देणारा ॲम्प्लिफायर १२ व्होल्टवर साधारण ७३० देतो. आवाजाचं बटण मात्र तिथेच असतं, त्यामुळे ध्वनी वरून कापला जातो, फाटतो आणि सबवूफरची कॉइल तापते. नियंत्रित पुरवठ्याचे ॲम्प्लिफायर ताकद टिकवतात, पण त्यासाठी कमी व्होल्टेजला उलट जास्त करंट ओढतात.

पायरी ५ : आधी केबल, मगच बॅटरी

बॉनेटखालच्या तीन मूळ वायरी जाड करणं हा सगळ्यात स्वस्त आणि बहुतेक वेळा सगळ्यात परिणामकारक उपाय. अल्टरनेटरच्या पॉझिटिव्हपासून बॅटरीच्या पॉझिटिव्हपर्यंत, बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीपर्यंत आणि इंजिनपासून बॉडीपर्यंत. मूळ वायरी तशाच ठेवून जाड वायरी त्यांच्या जोडीला टाकायच्या, आणि अल्टरनेटरकडच्या नव्या पॉझिटिव्ह वायरीला फ्यूज द्यायचा. मोठ्या सिस्टीमला ॲम्प्लिफायरसाठी १/० गेजची, म्हणजे सुमारे ५३ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल वापरतात. ४ गेज साधारण २१ चौरस मिलिमीटर भरते आणि ती लहान सिस्टीमलाच शोभते. केबलच्या वेष्टनावर "सीसीए" लिहिलं असेल तर आत तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. तिचा रोध जास्त असतो. वापरायचीच तर एक माप जाड घ्या.

मुख्य फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत. तो ॲम्प्लिफायरच्या नव्हे, केबलच्या रक्षणासाठी असतो, म्हणून त्याचं माप केबल किती करंट सुरक्षित वाहते त्यावरून ठरतं.

इतकं करून पुन्हा मोजा. कित्येकांचा बॅटरीचा प्रश्न इथेच मिटतो आणि पुढचं वाचायची गरज उरत नाही.

पायरी ६ : तुमची गरज कोणत्या जातीची?

बॅटरी लागणारच असं ठरलं, की एका प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर द्या: गाणी जास्त करून इंजिन चालू असताना ऐकणार की गाडी उभी करून, इंजिन बंद ठेवून?

इंजिन चालू असताना बॅटरीला फक्त शिखरं पेलायची असतात. तिथे महत्त्वाचा असतो अंतर्गत रोध. करंट गुणिले रोध म्हणजे व्होल्टेजची घसरण. थकलेल्या साध्या बॅटरीचा रोध ८ मिलिओहम धरला तर १०० ॲम्पिअरला ०.८ व्होल्ट गळतात. चांगल्या एजीएमचा (हा लीड-ॲसिडचाच एक प्रकार, पायरी ७ मध्ये येईल) ३ मिलिओहम धरला तर फक्त ०.३. इथे क्षमता ६० ऐवजी १२० एएच (ॲम्पिअर-तास) केली म्हणून आवाजात जादू होत नाही.

इंजिन बंद ठेवून वाजवायचं असेल तर क्षमता सर्वांत मोठी. सरासरी ३० ॲम्पिअर, दोन तास, म्हणजे ६० एएच. लीड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली वारंवार नेली की तिचं आयुष्य भराभर घटतं, म्हणून निदान १२० एएच हवी. त्यातही बॅटरीवर लिहिलेली क्षमता सहसा वीस तासांच्या मोजणीची असते. ६० एएच म्हणजे ३ ॲम्पिअर वीस तास. तीच बॅटरी ६० ॲम्पिअर तासभर देत नाही, त्याच्या बरीच आधी संपते. करंट जितका जड, तितकी हाती येणारी क्षमता कमी. त्यामुळे गणितात जे येईल त्याच्या थोडं वरच घ्या.

आणि रिकामी केलेली बॅटरी भरायचीही असते. अल्टरनेटरकडे ३० ॲम्पिअर शिल्लक असले तर ६० एएच दोन तासांत भरतील, असा हिशेब लोक करतात. लीड-ॲसिडचा शेवटचा वीस टक्के भाग फार संथ भरतो, त्यामुळे तीन-चार तासांचा प्रवासही कमी पडू शकतो. उभ्या गाडीत वाजवणाऱ्याने बॅटरीसोबत चांगला चार्जर घ्यायचाच, ही माझी अट समजा.

पायरी ७ : प्रकार

साधी पाण्याची लीड-ॲसिड बॅटरी मोठ्या सिस्टीमला फार काळ साथ देत नाही. ती सेल्फ मारायला बनवलेली असते: काही सेकंद भरपूर करंट आणि मग आराम. ५०० वॅटपर्यंतच्या सिस्टीमला चांगल्या स्थितीतली मूळ बॅटरी पुरते, बदलायची घाई नको. ईएफबी ही तिचीच सुधारित आवृत्ती, स्टार्ट-स्टॉप, म्हणजे सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणाऱ्या गाड्यांसाठी आलेली. वारंवार चार्ज-डिस्चार्ज जरा जास्त सहन करते.

बहुतेक नवख्यांसाठी उत्तर एजीएम हेच आहे. तिच्यात ॲसिड काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेलं असतं, त्यामुळे ते सांडत नाही, प्लेटा दाबून बसवता येतात, रोध कमी होतो आणि कंपनं सोसवतात. बॉनेटखालची मूळ बॅटरी काढून त्याच जागेत बसेल ती मोठ्यात मोठी एजीएम टाकणं, ही १००० वॅटच्या आसपासची सरळ वाट. एजीएममध्येही सेल्फसाठीची आणि डीप सायकल (वारंवार खोलवर रिकामी होणं सोसणारी) अशी दोन वळणं असतात. ऑप्टिमाच्या गुंडाळीच्या प्लेटांच्या बॅटऱ्यांत लाल झाकणाची सेल्फसाठी आणि पिवळ्या झाकणाची सेल्फसह खोल डिस्चार्जसाठीही, अशी वाटणी आहे. ऑडिओसाठी पिवळ्या जातीची बॅटरी शोधायची, मग कंपनी कोणतीही असो.

एजीएमचा शत्रू उष्णता आणि अतिचार्जिंग. लीड-ॲसिडचं तापमान साधारण दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्म्यावर येतं, असा ढोबळ नियम आहे. टर्बोशेजारी, आच्छादनाविना बसवलेली एजीएम लवकर संपते.

जेल बॅटरी या कामाची नाही. दुकानदार एजीएमलाच जेल म्हणत असेल तर लेबल वाचा. खरी जेल जास्त चार्जिंग व्होल्टेज सहन करत नाही आणि झटक्यात मोठा करंट द्यायलाही कमी पडते.

लिथियमकडे मन ओढलं जातं, आणि त्याला कारण आहे. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या चार सेलची बॅटरी विश्रांतीत १३.२-१३.३ व्होल्टवर उभी असते आणि जवळजवळ रिकामी होईपर्यंत फारशी उतरत नाही. वजन लीड-ॲसिडच्या निम्म्याहून कमी, क्षमतेतले ८० टक्के निर्धास्त वापरता येतात. ॲम्प्लिफायरला हे फार मानवतं. पण नवख्याने यात थेट उडी मारू नये, असंच मी म्हणेन. पहिलं कारण, आतला संरक्षक सर्किट बोर्ड, म्हणजे बीएमएस. घरगुती सोलरसाठीच्या १०० एएच बॅटरीचा बीएमएस बऱ्याचदा १०० ॲम्पिअरचाच असतो. २०० ॲम्पिअरचं शिखर आलं की तो बॅटरी तोडतो आणि ऐन गाण्यात सिस्टीम बंद. ती गाडीतली एकमेव बॅटरी असेल आणि चार्जिंग चालू असताना तुटली, तर व्होल्टेजचा झटका अल्टरनेटरच्या डायोडांना आणि गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्सला बसू शकतो. दुसरं, रिकामी लिथियम बॅटरी अल्टरनेटरकडून मिळेल तितका करंट खेचते. अल्टरनेटर पूर्ण भारावर तासभर चालून तापतो. मध्ये डीसी-डीसी चार्जर लावला तर हा करंट मर्यादेत राहतो. तिसरं, शून्य अंशाखाली ती चार्ज केली तर कायमची खराब होते, आणि बॉनेटखालची उष्णताही तिला सोसत नाही.

स्पर्धेतल्या गाड्यांत लिथियम टायटनेट दिसते. एका सेलचं व्होल्टेज सुमारे २.३, सहा सेल एकापुढे एक जोडले की १३.८ होतं, म्हणजे अल्टरनेटरशी छान जुळतं. हजारो चार्ज-डिस्चार्ज सोसते, थंडीचंही वावडं नाही. वजनाच्या मानाने साठा मात्र कमी, आणि सेल जुळवून बॅटरी बांधणं हे शिकलेल्या हाताचं काम.

कपॅसिटरबद्दलही विचारणा होतेच. एक फॅरडचा कपॅसिटर १४ व्होल्टवरून १२ वर येताना २६ ज्यूल देतो. आपला १००० वॅटचा ॲम्प्लिफायर सेकंदाला १२५० ज्यूल खातो. म्हणजे साधारण एक पन्नासांश सेकंदाची सोय, बेसचा एक ठोका त्याहून कितीतरी लांब असतो. दिसायला छान, बाकी विशेष नाही. ५०० फॅरडचे सहा सुपरकपॅसिटर एकापुढे एक जोडलेली पेटी वेगळी गोष्ट आहे. ती त्याच घसरणीत दोन हजारांहून जास्त ज्यूल देते आणि शिखरं खरोखर पेलते. इंजिन बंद असताना मात्र तीही उपयोगाची नाही.

पायरी ८ : दुकानात लेबल वाचताना

बॅटरी ट्रेमध्ये बसते का, उंचीमुळे बॉनेटला टेकत नाही ना, पॉझिटिव्ह टर्मिनल मूळ बाजूलाच आहे ना, हे आधी. टर्मिनल उलट बाजूला असेल तर वायर ताणून बसवायचा मोह होतो. तसं करू नका, दुसरं मॉडेल पाहा.

कोल्ड क्रँकिंग ॲम्पिअरचा आकडा म्हणजे उणे १८ अंशांत बॅटरी किती करंट देते. अमेरिकी एसएई पद्धतीत तो ३० सेकंद, व्होल्टेज ७.२ च्या खाली न जाता द्यावा लागतो. युरोपीय पद्धतीची मोजणी वेगळी, त्यामुळे दोन पद्धतींचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका. संगीतासाठी हा आकडा थेट उपयोगाचा नसला तरी त्यावरून अंतर्गत रोधाचा अंदाज येतो: त्याच आकाराच्या दोन एजीएमपैकी जिचा आकडा मोठा, तिचा रोध सहसा कमी. रिझर्व्ह कपॅसिटी मिनिटांत असते, २५ ॲम्पिअरचा भार किती मिनिटं चालेल ते सांगते. ऑडिओवाल्यांना एएचपेक्षा हा आकडा जवळचा. १२० मिनिटं म्हणजे त्या भाराला ५० एएच.

काही ऑडिओ बॅटऱ्यांवर "३००० वॅटपर्यंत" असं छापलेलं असतं. त्यावरून दोन कंपन्यांची तुलना होत नाही. रोध, रिझर्व्ह कपॅसिटी आणि वजन विचारा. हो, वजनसुद्धा. लीड-ॲसिडमध्ये क्षमता शिशातून येते. तेवढ्याच एएचचा दावा करणारी बॅटरी दुसरीपेक्षा बरीच हलकी असेल तर काहीतरी चुकतंय.

उत्पादनाची तारीख पाहा आणि काउंटरवरच मल्टिमीटर लावा. नवी एजीएम १२.७-१२.८ दाखवायला हवी. साडेबाराच्या खाली असेल तर ती बराच काळ पडून आहे, दुसरी मागा. वॉरंटीच्या अटींत ऑडिओसाठीचा वापर वगळलेला नाही ना, तेही वाचा.

स्टार्ट-स्टॉप गाडीत मूळची एजीएम असेल तर एजीएमच टाका. काही गाड्यांत नव्या बॅटरीची नोंद कंप्युटरला द्यावी लागते, नाहीतर तो जुनीच समजून चार्ज करत राहतो.

पायरी ९ : दुसरी बॅटरी डिकीत

१५००-२००० वॅटच्या पुढे किंवा उभ्या गाडीत ऐकणाऱ्यांना दुसरी बॅटरी लागते. ॲम्प्लिफायरच्या जवळ असल्याने लांब केबलमधली गळती शिखरांच्या वेळी टळते. डिकीत कधीही साधी पाण्याची बॅटरी ठेवू नका. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते. एजीएमही अतिचार्जिंगला हा वायू सोडू शकते, म्हणून वायू बाहेर नेणारी नळी लावायची सोय असलेलं मॉडेल घ्या. १०० एएचची एजीएम सुमारे ३० किलोची असते. ती पट्ट्याने बांधून भागत नाही, धातूच्या चौकटीत ठेवून बॉडीला बोल्टने कसा.

दोन्ही बॅटऱ्या कायम जोडलेल्या ठेवायच्या असतील तर एकाच जातीच्या, शक्यतो एकाच मॉडेलच्या आणि एकाच वेळी घेतलेल्या असाव्यात. जुनी नवीला खाली ओढते. पुढे लीड-ॲसिड आणि मागे लिथियम अशी थेट जोडणी टाळा. विश्रांतीत लिथियम वरच्या व्होल्टेजवर असल्याने ती दुसरीत करंट ढकलत राहते. तिथे डीसी-डीसी चार्जर हवा.

इंजिन बंद ठेवून वाजवणार असाल तर मध्ये व्होल्टेज पाहून चालणारा रिले टाका. तो १३.३ च्या आसपास जोडतो आणि १२.८ च्या आसपास तोडतो, त्यामुळे गाणी मागच्या बॅटरीवर चालतात आणि पुढची सेल्फसाठी शाबूत राहते. याच कामाच्या जुन्या डायोड आयसोलेटरमध्ये अर्ध्या व्होल्टहून जास्त गळती होते, तो टाळा.

दोन बॅटऱ्यांना जोडणाऱ्या केबलला दोन्ही टोकांना फ्यूज. इथे तडजोड नाही. केबल कुठेही पत्र्याला घासून उघडी पडली तर दोन्ही बाजूंनी शेकडो ॲम्पिअर येतात, आणि एका बाजूचा फ्यूज उडाला तरी दुसरी बॅटरी आग लावायला पुरते.

पायरी १० : बसवताना आणि नंतर

काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा. निगेटिव्ह टर्मिनलवर करंट मोजणारा चपटा सेन्सर असेल तर ॲम्प्लिफायरचा ग्राउंड थेट बॅटरीच्या खांबाला जोडू नका, बॉडीवरच घ्या. नाहीतर गाडीच्या कंप्युटरला हा करंट दिसत नाही आणि त्याचा चार्जिंगचा अंदाज चुकतो. बॉडीवर ग्राउंड घेताना रंग खरवडून उघड्या धातूवर, पक्क्या बोल्टने घ्या आणि गंज येऊ नये म्हणून वरून ग्रीस लावा.

नवी बॅटरी आधी चार्जरवर पूर्ण भरा, मग पायरी ४ मधली मोजणी पुन्हा करा आणि आकडे लिहून ठेवा. बॅटरी आणि ॲम्प्लिफायर यांच्यातला फरक पूर्ण आवाजात अर्ध्या व्होल्टच्या आत असायला हवा. चार्जर एजीएमसाठीचा, १४.४ ते १४.८ व्होल्ट देणारा घ्या. साडेपंधराच्या वर जाणारे "रिकंडिशनिंग" प्रकार एजीएमवर चालवू नका, लिथियमला तिचाच चार्जर लावा.

ॲम्प्लिफायरजवळ एक छोटा व्होल्टमीटर बसवून टाका. इंजिन बंद असताना एजीएमचं व्होल्टेज वाजता वाजता १२ ला टेकलं की गाणी थांबवा. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर चार्जर लावून ठेवा. १२.४ च्या खाली पडून राहिलेल्या लीड-ॲसिडच्या प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट होतो आणि गेलेली क्षमता पूर्ण परत येत नाही. वर्षातून एकदा लिहून ठेवलेल्या आकड्यांशी ताडून पाहा. सकाळचं व्होल्टेज तेवढंच असून ठोक्याची घसरण वाढली असेल, तर आधी लग (केबलच्या टोकाच्या धातूच्या कड्या) आणि ग्राउंडचे बोल्ट घट्ट करा. तरीही घसरण तशीच राहिली, तर बॅटरीची आतली स्थिती दाखवणाऱ्या कंडक्टन्स टेस्टरवर ती तपासून घ्या.